मेंदूविज्ञानातील उन्हाळी संशोधन परदेशात करायचे असेल तर देशाआधी प्रयोगशाळा निवडा

मुळाकाठ (धागाकर्ती)

दिवाळी आटोपली की विज्ञान शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील मुलामुलींकडून एकाच आशयाची विचारणा सुरू होते. मेंदूवर संशोधन करण्याची इच्छा आहे, उन्हाळ्यात दोन-तीन महिने परदेशातील प्रयोगशाळेत काम करता येते असे ऐकले आहे, तर अर्ज कुठे करावा? प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा एका ठिकाणी सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे. माझी पदवी पुण्यातून भौतिकशास्त्रात झाली, त्या काळातच एक उन्हाळा युरोपातील प्रयोगशाळेत काढला, आणि आता पीएच.डी. करताना आमच्या गटात उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आठ, दहा किंवा बारा आठवड्यांत मेंदूविज्ञान शिकून होत नाही, आणि शोधनिबंधात नाव लागणे हेही अपवादानेच घडते. त्या काळात नीट शिकून होते ती एखादी पद्धत, आणि एखादा प्रश्न त्या पद्धतीने कसा सोडवायचा याची रीत. म्हणून ‘स्वित्झर्लंडला जायचे आहे’ किंवा ‘अमेरिकेला जायचे आहे’ असा विचार करून अर्ज लिहायला बसू नये. मला चेतापेशींच्या विद्युतसंकेतांत रस आहे, की स्मृतीत, की माशीच्या वर्तनात, की गणिती प्रतिमानांत, हे ठरवावे आणि मग तो प्रश्न कोणत्या प्रयोगशाळांत हाताळला जातो ते शोधावे. अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या दोन परिच्छेदांतच कळते की लिहिणाऱ्याला देश हवा आहे की काम हवे आहे.

मेंदूविज्ञानात ही निवड जास्तच महत्त्वाची ठरते, कारण हा विषय एका शाखेचा नाही. पॅच-क्लॅम्प या मोजणीच्या पद्धतीचे उदाहरण घ्या. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये पेशीपटलातील एकेका आयन-वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजून दाखवला आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्याच पद्धतीने काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सकाळ कशी जाते ते सांगते. उंदराच्या मेंदूचे सुमारे ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात आणि ते कृत्रिम मेंदूजलात ठेवतात. त्या द्रवातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडावे लागतात, कारण ते थांबले की पेशी मरू लागतात. मग काचेची नळी तापवून, ओढून तिचे टोक एक-दोन मायक्रोमीटरइतके बारीक करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीच्या अंगाला टेकवायचे आणि नळीच्या दुसऱ्या बाजूने तोंडाने अगदी हलकेच हवा ओढायची. पटल आणि काच एकमेकांना घट्ट चिकटले की पडद्यावरचा रोध अब्जावधी ओहमपर्यंत चढतो. हे जमेपर्यंत नवख्या माणसाचे पहिले काही आठवडे सहज जातात, आणि काप मात्र काही तासच चांगले राहतात. ज्याला हाताचे काम आवडते आणि दिवसाअखेरीस एकही नोंद मिळाली नाही तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच उमेदीने जो नळ्या ओढायला बसतो, त्याच्यासाठी ही जागा योग्य आहे. ज्याला गणित आणि संगणक प्रिय आहे, त्याने हे काम केवळ संस्था नामांकित आहे म्हणून मागू नये. त्याच संस्थेत शेजारच्या मजल्यावर त्याच्याजोगे काम असते.

आता दुसरा मुद्दा, जो आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फारसा कोणी सांगत नाही. उंदरासारख्या जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायला परवाना आणि प्रशिक्षण लागते. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याप्रमाणे प्रयोग करणाऱ्याकडे व्यक्तिगत परवाना असावा लागतो, आणि युरोपीय संघातही २०१० च्या निर्देशानुसार प्रशिक्षणाशिवाय प्राणी हाताळता येत नाहीत. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या विद्यार्थ्यासाठी हे सोपस्कार वेळेत पुरे होणे अवघड असते. त्यामुळे ‘मी उंदरांवर शस्त्रक्रिया करून स्मृतीचा अभ्यास करीन’ असे अर्जात लिहिले तर वाचणाऱ्याला समजते की या विद्यार्थ्याने चौकशी केलेली नाही. प्रत्यक्षात उन्हाळ्यात जे काम मिळते ते बहुतेक वेळा आधीच मिळवलेल्या नोंदींचे विश्लेषण, ऊतींचे काप रंगवून त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, फळमाशीवरील प्रयोग, स्वयंसेवकांच्या मेंदूलहरींच्या नोंदी किंवा संगणकीय प्रतिमाने अशा स्वरूपाचे असते. हे काम दुय्यम आहे असे मुळीच समजू नये. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आहेत, आणि तो नकाशा पुरा करण्यात संगणकाने आखलेल्या पेशींच्या कडा डोळ्यांनी तपासून दुरुस्त करणाऱ्या असंख्य लोकांचा वाटा आहे.

संधींची यादी मी मुद्दामच थोडक्यात देते, कारण दर वर्षीच्या अटी संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरन्यूबर्ग येथील इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रिया या संस्थेत ‘आयएसटर्नशिप’ नावाचा कार्यक्रम आहे आणि तिथे मेंदूविज्ञानाचे अनेक गट आहेत. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविज्ञान संस्थेत जीवविज्ञान विभागाचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. जपानच्या ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीत संशोधन इंटर्नशिप कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला खुली आहे, आणि निवड झाल्यास विमानप्रवास, राहण्याची सोय आणि दैनिक भत्ता मिळतो. जर्मनीसाठी डाडची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची) ‘वाइज’ ही शिष्यवृत्ती खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, परंतु तिला जर्मन प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र आधी मिळवावे लागते आणि ती ठरावीक भारतीय संस्थांतील विद्यार्थ्यांनाच मिळते. कॅनडासाठी मायटॅक्स ग्लोबलिंक हा संशोधन कार्यक्रम आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा दहा आठवड्यांचा कार्यक्रम १९५९ पासून चालू आहे, त्यात परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश आहे आणि मेंदूविज्ञान हा त्या प्रयोगशाळेच्या मुख्य विषयांपैकी एक आहे. त्या कार्यक्रमाच्या पहिल्याच तुकडीत डेव्हिड बाल्टिमोर होते, ज्यांना पुढे १९७५ मध्ये नोबेल मिळाले.

काही दारे बंद आहेत, तीही सांगून ठेवते, म्हणजे कुणाचा डिसेंबर वाया जाणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीवर चालणारे ‘आरईयू’ हे पदवी विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरतेच मर्यादित आहेत. अ‍ॅम्जेन स्कॉलर्स या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाचा अमेरिकी भागही तसाच आहे, आणि युरोपीय भागासाठी तुम्ही युरोपातील विद्यापीठात शिकत असावे लागते.

कऱ्हाडची_मुलगी

ताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात मेंदूविज्ञानाचा एकही विषय नाही आणि एकाही शिक्षकांचे त्यात संशोधन नाही. प्रयोगशाळेत आम्ही जेल इलेक्ट्रोफोरेसिस आणि सूक्ष्मजीवांची वाढ यापलीकडे गेलेलो नाही. वर उल्लेखलेल्या संस्थांत निवडले जाणारे विद्यार्थी आयआयटी किंवा आयसरचे असतील, तर आमच्यासारख्यांनी अर्ज करण्यात अर्थ आहे का, आणि असल्यास आत्तापासून काय करावे? घरी लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे, आणि मी रोज दोन तास देऊ शकते.

मुळाकाठ

अर्थ नक्की आहे, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे तर अधिकच आहे. संस्थेच्या नावाचा फायदा होतो हे खरे आहे, आणि डाडच्या वाइजसारख्या ठिकाणी तर संस्था हीच अट आहे, पण जिथे निवड प्रयोगशाळेचा प्रमुख स्वतः करतो तिथे तो पाहतो की हा विद्यार्थी आला तर पहिल्या आठवड्यापासून काही करू शकेल का.

तुमच्या हातात लॅपटॉप आहे, तर त्याच्यावरच उभे राहा. आधी पायथॉन शिका, पण भाषा म्हणून नुसती शिकू नका, तर एखादे काम समोर ठेवून शिका. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवर, म्हणजे चेतातंतूवर, प्रयोग करून १९५२ मध्ये विद्युतसंकेताचे जे गणिती वर्णन दिले, त्यात केवळ चार विकल समीकरणे आहेत. ती स्वतः संगणकावर उतरवा. सोडियमच्या वाहिन्या उघडतात, विद्युतदाब झपाट्याने चढतो, मग त्या बंद होऊ लागतात आणि पोटॅशियम बाहेर पडून दाब खाली येतो, हे सगळे एक-दोन मिलिसेकंदांत आपल्या आलेखावर घडताना पाहिले की पाठ्यपुस्तकातील आकृती कायमची समजते. नंतर सोडियमची वाहकता निम्मी करून पाहा, तापमान बदलून पाहा, आणि काय झाले व का झाले ते एका पानात लिहून ठेवा. ते पान तुमच्या अर्जातील कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

दुसरे म्हणजे खऱ्या नोंदी हाताळा. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने उंदराच्या दृष्टिकेंद्रातील पेशींच्या नोंदी सर्वांना मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत. उंदराला वेगवेगळ्या दिशांच्या पट्ट्या दाखवल्यावर कोणती पेशी कोणत्या दिशेला अधिक प्रतिसाद देते, एवढा एकच प्रश्न घ्या आणि तो शेवटपर्यंत न्या. न्यूरोमॅच अकॅडमीची ऑनलाइन उन्हाळी शाळा २०२० पासून भरते, तिचे शुल्क विद्यार्थ्याच्या देशाप्रमाणे कमी-जास्त होते आणि तिचे सर्व पाठ खुले आहेत. प्रवेश नाही मिळाला तरी पाठ करता येतात.

तुम्ही जेल इलेक्ट्रोफोरेसिस केले आहे, त्याला कमी लेखू नका. मोजून द्रावण करणे, नोंदवहीत तारीख, प्रमाण आणि निष्कर्ष नीट लिहिणे, प्रयोग फसला तर कोणत्या पायरीला फसला हे शोधणे, या सवयी मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेतही तशाच्या तशा लागतात.

निवृत्त_प्राध्यापक

धागा उत्तम चालला आहे. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि शिफारसपत्रेही पुष्कळ लिहिली, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहितो.

आपल्याकडे शिफारसपत्र विभागप्रमुखांचे असले की ते वजनदार, असा समज आहे. परदेशातील निवड समितीला विभागप्रमुख या पदाचे काहीच विशेष वाटत नाही. ‘ही विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू आणि शिस्तप्रिय आहे’ असे वाक्य प्रत्येक पत्रात असते, त्यामुळे ते असून नसल्यासारखेच असते. याउलट, एखाद्या कनिष्ठ शिक्षकाने जर असे लिहिले की या विद्यार्थिनीने गांडुळाच्या चेतारज्जूचे विच्छेदन करताना पाठ्यपुस्तकातील आकृतीशी न जुळणारी एक गोष्ट दाखवून दिली, तिने स्वतःहून आणखी चार नमुने तपासले आणि मग येऊन प्रश्न विचारला, तर ते पत्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहते. म्हणून पत्र त्यांच्याकडून घ्यावे ज्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिले आहे.

आणखी एक. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना पत्रासाठी किमान महिनाभर आधी सांगावे आणि सोबत आपला अर्ज, गुणपत्रके आणि त्या शिक्षकांकडे केलेल्या कामाची टिपणे द्यावीत. मात्र ‘तुम्हीच पत्र लिहून आणा, मी सही करतो’ ही जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे, ती शिक्षकांनी थांबवावी असे मी कळकळीने म्हणेन. हल्ली बहुतेक संस्था शिक्षकांच्या अधिकृत ईमेलवर दुवा पाठवून पत्र थेट मागवतात, आणि विद्यार्थ्याचे निवेदन व शिक्षकांचे पत्र यांची भाषा एकच निघाली तर त्याचे नुकसान विद्यार्थ्यालाच होते. ज्या शिक्षकाने दोन वर्षे एखाद्या मुलीला शिकवले, त्याने तिच्यासाठी एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी.

कुलाबा_दीपगृह

मी थोडा वेगळा सूर लावतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच परदेश हवाच का? मेंदूविज्ञानात मुंबईत आणि पुण्यात जे काम चालते त्याची आपल्याच विद्यार्थ्यांना पुरेशी माहिती नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांची प्रयोगशाळा गर्भावस्थेत मेंदूचे भाग कसे घडतात यावर काम करते. २०१४ मध्ये त्यांना इन्फोसिस पारितोषिक मिळाले आणि २०२३ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्याच संस्थेतील विदिता वैद्य सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन, बालवयातील ताण आणि नैराश्य यांच्या संबंधावर संशोधन करतात. त्यांना २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. दोघींचेही पदवीचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले आणि पीएच.डी. अमेरिकेत. पुण्याच्या आयसरमध्ये मेंदूविज्ञानाचे गट आहेत, बंगळुरूला एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आहे, हरियाणातील मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे.

टाटा संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे, आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे तिच्यात देशभरातील मार्गदर्शकांकडे दोन महिने काम करता येते व विद्यावेतनही मिळते. व्हिसा नाही, विमानाचे तिकीट नाही, आणि काम तितकेच कसदार. पहिला उन्हाळा इथे काढावा, मग परदेशाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळाकाठ

आपल्या मताशी मी जवळपास पूर्ण सहमत आहे, आणि मी स्वतः ज्यांना सल्ला देते त्यांना याच क्रमाने जायला सांगते. देशातील एका उन्हाळ्यानंतर विद्यार्थ्याच्या अर्जात ठोस काम येते, आणि ज्यांनी ते जवळून पाहिले अशा संशोधकाचे शिफारसपत्रही मिळते.

फक्त ‘मग परदेशाचे नावच काढू नये’ असे कुणी समजू नये. काही उपकरणे आणि काही पद्धती अजून मोजक्याच ठिकाणी आहेत. शिवाय दुसऱ्या देशातील गटात साप्ताहिक बैठकीत बसल्यावर एक गोष्ट नकळत अंगी येते, ती म्हणजे गटप्रमुखाच्या मांडणीतही प्रश्न विचारायचा असतो. आपल्या बहुतेक वर्गांत वाढलेल्या मुलांना ते आधी अवघड जाते. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने तिसऱ्या आठवड्यात सर्वांसमोर विचारले की नियंत्रण गटातील प्राणी वेगळ्या वेळी का तपासले, आणि त्या प्रश्नामुळे प्रयोगाचे वेळापत्रक बदलले गेले. ही निर्भयता शिकायला परदेशच लागतो असे नाही, पण तिथे तिची रोज अपेक्षा असते.

गोदावरी_तीर

माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याची कॅनडातील मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जायची इच्छा आहे. आई म्हणून माझे प्रश्न व्यवहाराचे आहेत. अभियांत्रिकीच्या मुलाला मेंदूविज्ञानात घेतात का? खर्च किती येतो? आणि आमच्या शहरातील एका सल्लागार कंपनीने काही लाख रुपये भरल्यास परदेशी प्राध्यापकाच्या हाताखाली ‘संशोधन’ आणि शोधनिबंध मिळवून देऊ, असे सांगितले आहे, त्यावर विश्वास ठेवावा का?

टोरांटोवासी

मी मायटॅक्स ग्लोबलिंकमधूनच पहिल्यांदा कॅनडात आलो, म्हणून उत्तर देतो. हा कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे. त्याचे अर्ज आदल्या वर्षीच, साधारण सप्टेंबरच्या सुमारास बंद होतात, आणि बहुतेकांची संधी इथेच हुकते, कारण आपल्याकडे त्या वेळी कुणाच्या डोक्यात पुढच्या उन्हाळ्याचा विचार नसतो. प्राध्यापकांनी दिलेल्या प्रकल्पांच्या यादीतून पसंती द्यायची असते. यादीत मेंदूविज्ञान असा शब्द शोधून थांबू नये. संकेतप्रक्रिया, वैद्यकीय प्रतिमांकन, यंत्रशिक्षण, जैववैद्यकीय उपकरणे या नावांखाली मेंदूवरचे कितीतरी प्रकल्प असतात, आणि तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हवेच असतात. माझे काम उंदराच्या चालीच्या चित्रफितींचे होते: काही शे चौकटींवर नाक, पंजे आणि शेपटीचे मूळ हाताने खुणावायचे, त्यावरून संगणकाला शिकवायचे आणि मग तासन् तास चाललेल्या चित्रणातील प्रत्येक पाऊल मोजायचे. यासाठी २०१८ मध्ये आलेले डीपलॅबकट हे मुक्त साधन आम्ही वापरत होतो. अभियांत्रिकीत शिकलेले सगळे तिथे उपयोगी पडले; मेंदूची रचना मात्र मला रात्री बसून शिकावी लागली.

खर्चाविषयी सांगायचे तर चांगल्या कार्यक्रमात विद्यावेतन आणि प्रवास-निवासासाठी मदत असते, तरी काही रक्कम आधी घरून घालावी लागते, कारण व्हिसाचे शुल्क आणि पहिल्या काही दिवसांचा खर्च पैसे हाती येण्यापूर्वीच करावा लागतो. भरपाई नंतर मिळणार असेल तर ती केव्हा मिळेल हे लेखी विचारून घ्यावे.

सल्लागार कंपनीच्या प्रस्तावाबद्दल माझे मत ठाम आहे: पैसे भरू नका. खरी प्रयोगशाळा विद्यार्थ्याकडून शोधनिबंधाचे पैसे घेत नाही, आणि शोधनिबंधाची हमी तर कोणताही प्रामाणिक संशोधक देऊ शकत नाही, कारण प्रयोगाचा निकाल आधी ठाऊक नसतो.

मुळाकाठ

टोरांटोवासी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण दुजोरा आहे. व्हिसाबद्दल थोडी भर घालते. शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, ९० दिवसांच्या आतील मुक्काम आणि त्याहून मोठा मुक्काम यांचे नियम वेगळे आहेत, आणि विद्यावेतन मिळणार असेल तर कोणत्या प्रकारचा परवाना लागेल हे यजमान संस्थेच्या कार्यालयाकडूनच विचारून घ्यावे, एजंटाच्या सांगण्यावर जाऊ नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. अमेरिकेसाठी बहुधा जे-१ हा विनिमय कार्यक्रमांचा व्हिसा असतो. त्यासाठी यजमान संस्था डीएस-२०१९ हे पत्र पाठवते, ते आल्यावरच मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची वेळ घेता येते. पासपोर्ट अर्ज करण्याआधीच काढून ठेवावा. निवड झाल्यावर पासपोर्टसाठी धावाधाव करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचे हाल झाले आहेत.

आपल्याकडची खरी अडचण परीक्षांची आहे. सत्र परीक्षा मे महिन्यापर्यंत आणि कधी त्याहीपुढे लांबतात, आणि अमेरिकेतील बरेच कार्यक्रम मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी सुरू होतात. अशा वेळी ज्यांच्या तारखा लवचीक आहेत, उदाहरणार्थ ओकिनावा किंवा मायटॅक्स, त्यांना प्राधान्य द्यावे, आणि इतर ठिकाणी अर्जातच परीक्षेची संभाव्य तारीख कळवावी. लपवून ठेवू नये.

मिरजेचा_विद्यार्थी

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूरॉलॉजीत पुढे जायचे आहे. आम्हाला उन्हाळ्याची मोठी सुट्टी मिळत नाही. आमच्यासाठी काही मार्ग आहे का?

मुळाकाठ

सलग दहा आठवडे मिळणे तुम्हाला अवघड आहे, म्हणून आधी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती पाहा. ती दोन महिन्यांची असते आणि आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाकडे काम करता येते. अपस्मार किंवा पक्षाघाताच्या रुग्णांच्या नोंदींवर एखादा नेमका प्रश्न घेतलात तर तुमच्याकडे असे काही असेल जे शुद्ध विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे नसते, आणि परदेशातील संशोधकांना त्याची किंमत असते. निरीक्षक म्हणून रुग्णालयात जाणे आणि प्रयोगशाळेत संशोधन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्ज करताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

कऱ्हाडची_मुलगी

ताई, सर, सर्वांचे आभार. मी हॉजकिन-हक्सली प्रतिमानाचे काम सुरू केले आहे. या वर्षी अकादमींच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करीन आणि पुढच्या वर्षी परदेशासाठी. तरीही एक विचारते. ज्या ठिकाणी प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवावा लागतो, तिथे काय लिहावे? मी एक मसुदा केला आहे, त्याचा आरंभ असा आहे: ‘आदरणीय महोदय, आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेतील थोर संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झाले असून मला लहानपणापासून मेंदूविषयी कुतूहल आहे.’ हे योग्य आहे का? आणि एकाच वेळी किती जणांना लिहावे?

मुळाकाठ

आरंभ बदला. आदर असावाच, पण तो विशेषणांतून दाखवू नका, त्यांचे काम वाचून दाखवा. ‘प्रिय प्राध्यापक’ आणि पुढे आडनाव एवढे संबोधन पुरते. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कुठे शिकता, कोणत्या महिन्यांत येऊ शकता. दुसऱ्या परिच्छेदात त्यांचा एक अलीकडचा शोधनिबंध आणि तो वाचताना तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न. उदाहरणार्थ, ‘आपण कमी तापमानात घेतलेल्या नोंदींत संकेताची रुंदी वाढलेली दिसते. मी प्रतिमानात तापमान बदलून पाहिले तेव्हा मलाही तसेच दिसले, परंतु एका संकेतानंतर दुसरा उठू शकेपर्यंतचा विश्रांतीचा काळ माझ्याकडे जास्त वाढला. हा फरक पोटॅशियमच्या वाहिन्यांमुळे असेल का?’ असा प्रश्न ज्याने विचारला त्याने निबंध वाचला आहे आणि हाताने काही केले आहे, हे सांगावे लागत नाही. तिसऱ्या परिच्छेदात तुम्हाला काय येते ते नेमके लिहा, आणि जे येत नाही ते येते असे लिहू नका. शेवटी विचारा की त्यांच्याकडे उन्हाळ्यासाठी विद्यार्थी घेतात का आणि निधीसाठी कोणता मार्ग सुचवतील. गुणपत्रक आणि एक पानाचा परिचय जोडा. सगळे मिळून पडद्यावर न सरकवता वाचता यावे.

किती जणांना लिहावे, तर जितक्यांचे निबंध खरोखर वाचून होतील तितक्यांनाच. एकच मजकूर नाव बदलून पन्नास जणांना पाठवलेला कळतो, आणि एकाच विभागातील प्राध्यापक एकमेकांना दाखवतातही. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, आणि त्यानंतर दुसऱ्याकडे वळा. उत्तर न येणे हा तुमच्याविषयीचा निर्णय नसतो, त्यांच्याकडे त्या उन्हाळ्यात जागा किंवा निधी नसतो इतकाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

तुमचा नवा मसुदा आणि तापमानाचे आलेख तयार झाले की इथेच टाका. विश्रांतीचा काळ तुमच्याकडे नेमका किती वाढतो हे मलाही पाहायचे आहे, आणि समीकरणांत तापमानाचा गुणक तुम्ही तिन्ही द्वारचलांना (वाहिन्यांची दारे किती उघडी आहेत हे सांगणाऱ्या राशींना) लावला आहे की एकालाच, तेही त्यासोबत लिहा.